भुईंतला मूग आणि देवांचें अन्न

कबनूर हें हातकणंगले तालुक्यांतलें, इचलकरंजीस लागून असलेलें गांव. तेथील एखाद्या सुनेनें भाजलेले शेंगदाणे तेल सुटेपर्यंत कुटले, त्यांत लोणी, गूळ, कणीक व कोकोची पूड कालवून बिस्किटें भाजलीं, तर घरांतील वडील मंडळी 'हें परक्यांचें खाणें' म्हणून नाक मुरडतील. आणि त्याच दिवशीं एकादशी असल्यास दाण्याचें कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी आनंदानें खातील! या विसंगतींत मोठा इतिहास दडला आहे.

ज्ञानेश्वरी १२९० सालीं पुरी झाली, तेव्हां महाराष्ट्रांत भुईमूग नव्हता. त्याची जन्मभूमि दक्षिण अमेरिका. युरोपीय दर्यावर्दींच्या सफरींनंतर तो जगभर पसरला. येथें आल्यावर मात्र लोकांनीं त्याचें मूळचें नांव विचारलें नाहीं. फूल जमिनीवर उमलतें, पुढें त्याची आरी मातींत शिरते आणि तेथें शेंग धरते, हें पाहून शेतकऱ्यानें त्यास 'भुईमूग' म्हटलें. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५३ सालीं दिलेल्या 'हायपोजिया' या नांवाचा अर्थहि 'भूमीखालचा' असाच आहे. वनस्पतिशास्त्राप्रमाणें भुईमूग कडधान्यांच्या कुळांतला. उपासाला मूग वर्ज्य; पण हा परदेशचा मूग फराळाच्या ताटांत मानानें बसला!

कोकोची गोष्ट याच्या उलट आहे. तोहि अमेरिकेचाच. त्याच वर्षीं लिनियसनें त्याच्या प्रजातीस 'थिओब्रोमा', म्हणजे 'देवांचें अन्न', असें नांव दिलें. तथापि आपल्या देवांच्या नैवेद्यांत त्यास स्थान मिळालें नाहीं. १८२८ मध्यें हॉलंडांतील व्हान हौटेन यांच्या पेढीनें कोकोंतील स्निग्धांश दाबून काढण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. १८४७ मध्यें इंग्लंडांत फ्राय यांच्या कारखान्यानें खाण्याच्या वड्या केल्या. कारखान्यांतून आलेला कोको परकेपण घेऊनच आला. शेतांतून आलेला भुईमूग मात्र तें विसरला.

दाण्याच्या लोण्याचेंहि असेंच. माँट्रियलच्या एडसन यांनीं १८८४ सालीं त्याच्या एका कृतीचें अमेरिकन पेटंट मिळविलें. १९१६ सालीं जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञानें दाण्याच्या १०५ कृतींची पुस्तिका काढली. तींत बिस्किटांच्याहि कृति आहेत. सतत कापूस घेऊन निकस झालेल्या जमिनींचा कस भुईमुगानें सुधारावा आणि गरीब शेतकऱ्याच्या पोटांत सकस अन्न जावें, हा त्यांचा हेतु होता.

दाण्यांत निम्म्याच्या आसपास तेल असतें. तें पिठाच्या कणांभोंवतीं बसतें, पिठास चिवटपणा येऊं देत नाहीं, आणि बिस्किट खुसखुशीत होतें. नानखटाईंत तूप जें काम करतें, तेंच येथें दाणा करतो. भट्टी नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यांत वाळू तापवून, वर ताटली झांकूनहि काम भागतें.

दाण्यास आपलेपण मिळण्यास कांहीं पिढ्या लागल्या. कोकोस नांव अजून परकेंच आहे. पण कबनूरच्या त्या पातेल्यांत तो दाण्याच्या शेजारीं येऊन बसला आहे, आणि मुलें त्याचें गांव विचारीत नाहींत.