पहाटेचं गंगास्नान आणि गारठा

नाशिककर ज्या स्नानाला गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जातात ते बाहेरच्या लोकांना सिंहस्थ कुंभमेळ्यामुळे माहीत असतं. पण इथला सिंहस्थ पावसाळ्यात भरतो. २०१५ मधलं पहिलं शाही स्नान २९ ऑगस्टला झालं. तेव्हा गोदावरी गढूळ असते, गारठा नसतो. खरी कसोटी लागते ती कोजागरीनंतरच्या कार्तिकस्नानात आणि पौष पौर्णिमेला सुरू होणाऱ्या माघस्नानात. ही स्नानं जिथे होतात ते गोदावरीवरचं रामकुंड १६९६ साली बांधलं गेलं, पुढे पेशव्यांच्या घरातल्या गोपिकाबाईंनी त्याची दुरुस्ती करवली. ऐन थंडीत उजाडण्याआधी पाण्यात उतरायची रीत त्याहून कितीतरी जुनी. ही रीत टिकली ती केवळ भक्तीच्या बळावर, असं म्हणणं मला अपुरं वाटतं. पाणी किती गार लागेल हे उतरणाऱ्याने आधी मनाशी काय धरलंय यावरही ठरतं, आणि नेमकी तीच तयारी ही रीत करून घेते. माणूस पायरीवर थांबतो, ओंजळीत पाणी घेतो, मास, पक्ष, तिथी उच्चारून संकल्प सोडतो आणि मग बुडी मारतो. गारठा त्याने आधीच पत्करलेला असतो. घरी बंब तापलाय असं समजून गार पाण्याचा तांब्या अंगावर घेणारा शहारतो तसा तो शहारत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: पहाटेचं पाणी हवेपेक्षा खरोखरच उबदार असतं. हे खरंच आहे. कडाक्याच्या थंडीत नदीवर वाफ दिसते ती त्यामुळेच. विहिरीचं पाणीही वर्षभर जवळपास सारखंच असून हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार लागतं. तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९० मध्येच लिहून ठेवलं की एकच पाणी एका हाताला गरम आणि दुसऱ्याला गार लागू शकतं. तिथे अपेक्षेचा नव्हे, त्वचेच्या आधीच्या तापमानाचा प्रभाव असतो. रामकुंड परिसरातल्या कुंडांच्या तळाशी जिवंत झरे होते, पुढे तिथे काँक्रीट पडलं. भूजलाची ती ऊब जुन्या लोकांना मिळत असणार. पण हे सगळं बुडीपुरतं झालं. ओलेत्याने वर आल्यावर वारा लागतो, अंगावरचं पाणी सुकताना उष्णता ओढून नेतं, आणि खरा कडाका तिथे असतो. तो सोसण्याचं उत्तर झऱ्यांत सापडत नाही.

ते प्रयागच्या माघमेळ्यावर झालेल्या मानसशास्त्रीय संशोधनात थोडंफार सापडतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यात्रेकरूंनी थंडी नाकारली नाही. आपण सारे यासाठीच आलो आहोत, या भावनेने तिचा अर्थ बदलला होता. त्याआधीच्या, २०१३ च्या अभ्यासात गोंगाट मेळ्यातला आहे असं समजणाऱ्यांनी तोच आवाज शहरातला समजणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ ऐकला. थंडीवर तसा काटेकोर प्रयोग करणं अवघड, पण दिशा तीच दिसते. रोजच्या सवयीने अंग सरावतं, हा दुसरा आक्षेपही मला मान्य आहे. थंड पाण्याचा पहिला धक्का थोड्या दिवसांत कमी होतो. मात्र फक्त पर्वणीला येणाऱ्याला ती सवय नसते, तरी तो उतरतोच.

याच कारणाने मला वयस्कर मंडळींची काळजी वाटते. अपेक्षेने थंडीची जाणीव मवाळ होते, शरीरातून जाणारी उष्णता कमी होत नाही. हृदयावरचा ताण संकल्पाने हलका होत नाही. म्हणून अशा पहाटे घाटावर कोरडे कपडे, आडोसा आणि शेकोटी यांची सोय पालिकेने दिव्यांइतकीच आवश्यक मानायला हवी.