क्षयजंतू

क्षयरोगास कारणीभूत होणारा दंडाकार जंतू. शास्त्रीय नाव मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे त्याचा शोध जाहीर केला. त्याची कोशिकाभित्ती मायकोलिक अम्लांमुळे मेणचट असते. त्यामुळे एकदा चढलेला रंग अम्लाने धुतला तरी जात नाही, आणि थुंकीच्या तपासणीत तो याच गुणामुळे ओळखता येतो. वाढ अतिशय मंद : एका विभाजनास सुमारे २० तास लागतात.

घटसर्प वा धनुर्वाताच्या जंतूंप्रमाणे तो जहाल विष सोडत नाही. त्याची खरी मारकता लपण्यात आहे. फुप्फुसातील भक्षककोशिका त्याला गिळते, पण तिच्या पाचक पुटिकांशी होणारा संयोग तो रोखतो आणि तिच्यातच वाढतो. ईएसएक्स-१ ही स्रावयंत्रणा यात कळीची. बीसीजी लशीच्या वाणात तिचा महत्त्वाचा भाग नाही, म्हणून तो वाण सौम्य. शरीर जंतूभोवती गाठी तयार करते व त्यांत तो वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतो.

औषधे येण्यापूर्वी हवापालट, विश्रांती व सकस आहार हेच मुख्य उपचार होते. पाचगणी (जि. सातारा) येथील बेल-एअर आणि मिरजेजवळील वानलेसवाडी (जि. सांगली) येथील आरोग्यधामे त्या काळातली. जंतूवर थेट इलाज स्ट्रेप्टोमायसिनपासून, म्हणजे १९४४ नंतरच, सुरू झाला.