मस्टँग: छपराची की उघडी?

गेल्या शनिवारी न्यू जर्सीहून चुलतभावाचा फोन. आम्ही दोघं वरळी कोळीवाड्यात एकाच गल्लीत वाढलो. साहेबांना आता 1966 ची फोर्ड मस्टँग घ्यायची आहे. दोन पाहून ठेवल्यात, एक हार्डटॉप आणि एक कन्व्हर्टिबल. "कुठली घेऊ, सांग." मी पडलो सॉफ्टवेअरवाला, पण म्हटलं विकेंड आहे, खोदून तरी बघू.

17 एप्रिल 1964 ला मस्टँग बाजारात आली ती याच दोन रूपांत. उतरत्या पाठीची फास्टबॅक काही महिन्यांनी आली. आतला बराच ऐवज फोर्डच्याच फाल्कन या साध्या घरगुती गाडीचा, म्हणून हार्डटॉपची किंमत 2,368 डॉलरपासून सुरू. पहिल्याच वर्षात चार लाखांवर गाड्या खपल्या! आपल्याकडे तेव्हा परदेशी गाड्यांवर कडक बंधनं, रस्त्यावर सगळीकडे फियाट आणि अँबॅसडर. इथल्या शोरूममध्ये मस्टँग यायला 2016 उजाडलं, किंमत 65 लाखांच्या घरात, आणि तीही फक्त फास्टबॅक. उघडी आलीच नाही.

असो, मुद्दा छपराचा. मस्टँगला ट्रकसारखी वेगळी चासी नाही, पत्र्याचं अंग हाच तिचा सांगाडा. बुटांचा खोका हातात घेऊन पिळून बघा. झाकण असेल तर ताठ राहतो, काढलं की लगेच वाकडा होतो. म्हणून फोर्डने कन्व्हर्टिबलच्या दारांखालच्या पट्ट्यांत आणि तळाला जादा पोलाद घातलं. उघडी गाडी दिसायला हलकी, वजनाला मात्र जड. हे काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्यात काय नवीन? होडीला छप्पर नसतं, तिचा सगळा जोर बरगड्यांवर."

आता खरी गोम. आमच्या घरी खिडकीचे गज, सायकलची चेन, गेटच्या बिजागऱ्या, सगळं खाऱ्या वाऱ्याने खाल्लं. न्यू जर्सीत तर हिवाळ्यात रस्त्यावरच मीठ टाकतात! काचेखालच्या हवेच्या झरोक्यात पाणी साचून गंजणं हे दोन्ही मस्टँगचं जुनं दुखणं. पण दारांखालची पट्टी गंजली तर हार्डटॉपला छप्पर थोडं सांभाळून घेतं. कन्व्हर्टिबल मधोमध खचते, मग दारं नीट लागत नाहीत. म्हणजे जिच्यावर सगळा भार, तीच पट्टी आधी सडणार. (आमच्या धंद्यातही असे प्रोग्राम असतात.)

1973 नंतर फोर्डने उघडी मस्टँग बंद केली, ती परतली थेट 1983 ला. त्यामुळे जुन्या कन्व्हर्टिबलला भाव जास्त, आणि वरून रंग मारून विकणारेही जास्त.

मी भावाला म्हटलं, एक लोहचुंबक घे आणि दारांखाली फिरव. पोलादाला चिकटेल, पुट्टीला नाही. काल त्याने व्हिडिओ पाठवला. कन्व्हर्टिबलच्या डाव्या बाजूला चुंबक दोनदा टपकन खाली पडलं. हार्डटॉपला टोकापासून टोकापर्यंत चिकटून राहिलं.

वहिनींना मात्र अजून उघडीच हवी आहे.