‘कायदा’ शब्दाची कुळकथा

‘कायदा’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडीं इतका रुळला आहे कीं, तो मूळचा परका असें सांगितल्यास पुष्कळांस नवल वाटावें. शब्द अरबी, फारसीच्या वाटेनें तो मराठींत आला. अरबींत त्याचा धातु ‘बसणें’ या अर्थाचा आहे. जें खालीं पक्कें बसलें आहे आणि ज्यावर वरचें सारें उभें राहतें, तो पाया, ती बैठक, म्हणजे कायदा. त्यावरून नियम, रीत हे अर्थ निघाले. उर्दू शिकणाऱ्या मुलाच्या पहिल्या पुस्तकासहि कायदा म्हणतात. आणि तबल्यांतील कायदा तर रसिकांच्या परिचयाचाच आहे. वादकानें त्याचे पलटे हवे तितके करावेत, मात्र ठरलेल्या बोलांबाहेर पाऊल टाकूं नये. कायद्याची याहून सुबक व्याख्या एखाद्या वकिलास साधेल कीं नाहीं, शंकाच आहे!

इंग्रजांचा ‘लॉ’ हा शब्दहि असाच उत्तरेकडील जुन्या नॉर्स भाषेंतून आलेला. त्याचा अर्थ ‘घालून ठेवलेलें’. संस्कृत ‘विधि’ शब्दांतील ‘धा’ म्हणजे ठेवणेंच. कायद्याचा जोडीदार जो ‘कानू’, तो ग्रीक भाषेंतून अरबींत गेला. ग्रीकांत त्याचा अर्थ सरळ काठी, मोजपट्टी असा होता.

मात्र ‘कायदा करणें’ हा प्रयोग निराळा आहे, आणि खरी गोष्ट येथेंच आहे. मराठेशाहींत वतनाचा तंटा गोतसभेपुढें किंवा मजालशींत जाई. जुने कागद पाहावयाचे, शेजारपाजारच्या जाणत्यांची साक्ष घ्यावयाची, वहिवाट काय आहे ती ठरवावयाची आणि निवाड्याचा महजर करावयाचा, अशी रीत होती. म्हणजे वतनाचा हक्क तेथें शोधून काढावयाचा असे. नवा घडवावयाचा नसे. शिवाजी महाराजांनीं राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी ‘कायदा’ लोकांच्या तोंडून गेला नाहीं.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली. पुढें मुंबईचे गव्हर्नर झालेले एल्फिन्स्टन यांना देशरिवाज एकदम मोडणें धोक्याचें वाटत होतें. दख्खनमधील हिंदु जातींचे आचार व रूढी आर्थर स्टील यांच्याकडून संकलित करवून घेण्यांत आल्या, त्या याच धोरणानें. १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेंत दिवाणी दाव्यांसाठीं क्रम लावून दिला: प्रथम पार्लमेंटचे कायदे व सरकारचे रेग्युलेशन, तें नसेल तर त्या मुलखाची वहिवाट, तीहि नसेल तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा, आणि कांहींच नसेल तर न्याय, समता व सद्‌सद्विवेक. वहिवाटीचा मान राहिला खरा, पण ती एक पायरी खालीं उतरली. वरच्या पायरीवर लिहिलेला, छापलेला, कोणीतरी केलेला कायदा येऊन बसला.

तो करावयाचा कोणी? १८६१ च्या कायद्यानें प्रांतिक कौन्सिलांत बिनसरकारी सभासद नेमण्याची सोय झाली आणि १८६२ मध्यें जगन्नाथ शंकरशेट मुंबईच्या कौन्सिलांत बसले. परंतु बहुमत सरकारचेंच. १९०१ सालीं जमीनमहसुलाच्या कायद्यांत दुरुस्ती आली. साऱ्याच्या थकबाकीपायीं जप्त झालेली जमीन कुळास परत देतांना ती विकण्यागहाण ठेवण्याचा हक्क काढून घेण्याची मुभा सरकारास हवी होती. फिरोजशहा मेहता, गोखले प्रभृति सभासद निषेध म्हणून सभागृह सोडून निघून गेले. दुरुस्ती मंजूर झाली ती झालीच.

१९३० सालीं याच शब्दाच्या पोटीं ‘कायदेभंग’ हा जोडशब्द घरोघर पोंचला. दांडीस मिठाचा कायदा मोडला गेला. महाराष्ट्रांत जंगलचा कायदा मोडण्यासाठीं लोक कोयते घेऊन रानांत शिरले. २५ सप्टेंबर १९३० रोजीं उरणजवळच्या चिरनेर येथें गोळीबार होऊन माणसें मेलीं. जंगलांतून लांकूडफांटा व गवत आणणें ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती आणि गुन्हा छापील कायद्यानें ठरविलेला होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे १८२७ ची ती पायरी केवढी उंच होती तें कळतें.

महाराष्ट्राच्या विधिमंडळांत आज विधेयक मांडलें जातें, तें संमत होऊन राज्यपालांची अनुमति मिळाली म्हणजे अधिनियम होतो. वर्तमानपत्रें मात्र दुसऱ्या दिवशीं ‘नवा कायदा झाला’ असेंच छापतात.