सोळा आण्यांचा हिशेब

जुन्या व्यवस्थेंत सुधारणा करावयाची म्हटली, म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, कीं जुन्या संवयीनें चालणाऱ्या माणसाची वाट काय? मुखेडसारख्या बाजाराच्या गांवीं पैशांत जीं स्थित्यंतरें झालीं, त्यांवरून या प्रश्नाचा उलगडा बराच होतो.

मुखेड निजामाच्या राज्यांत असल्यामुळें तेथें हाली शिक्का चाले, सरहद्दीपलीकडे कलदार. सहा कलदारांस सात हाली, म्हणजे एका कलदारास हाली एक रुपया दोन आणे आठ पै, असा दर होता. १९४८ सालीं संस्थान भारतांत सामील झालें, तरी हाली एका दिवसांत बुडविला नाहीं. पुढें तो काढणें थांबलें, पण रद्द झाला तो १९५९ सालीं.

मध्यंतरीं, १ एप्रिल १९५७ रोजीं, दशमान नाणें आलें. यांतील योजकता आम्हांस विशेष वाटते. रुपयाचें नांव व मोल तेंच ठेवून त्याची फोड मात्र चौसष्टांऐवजीं शंभर पैशांची केली. त्यामुळें पावली २५ व अधेली ५० पैशांशीं तंतोतंत जुळली. जुनीं नाणींही कांहीं काळ चालूं दिलीं. घोटाळा होऊं नये म्हणून पैशास ‘नवा’ हें विशेषण लाविलें, आणि त्याचें काम संपतांच १९६४ सालीं तें काढून टाकिलें.

तथापि सांधा सर्वत्र बसला नाहीं. आण्याचे सव्वासहा पैसे होतात. पण पाव पैसा आणावा कोठून? म्हणून कोष्टकांत एका आण्यास ६, दोन आण्यांस १२, तीन आण्यांस १९ व चार आण्यांस २५ असे आंकडे धरिले. चार आणे एकदम मोडणाऱ्यास २५ पैसे मिळावयाचे. तेच एकेक करून मोडणाऱ्याच्या पदरीं २४ च. पैसा क्षुल्लक खरा. पण ही तूट सोसावयाची कोणीं? जो आण्याआण्यानें मीठमिरची घेतो, त्यानें!

आज संगणकाच्या जुन्या आज्ञा सुधारणाऱ्यांपुढेंही हाच प्रश्न आहे. ज्या आज्ञेच्या भरंवशावर अनेकांचीं कामें चाललीं आहेत, तिचें नांव व फळ कायम राखून आंतील रचना सुधारावी, हा मार्ग खरा. परंतु जुनें चालूं ठेविलें एवढ्यानें सुधारकाचें कर्तव्य संपत नाहीं. जुन्यानव्याच्या सांध्यावर जी तूट येते, ती दुबळ्याच्या माथीं तर पडत नाहीं ना, हें पाहिल्यावांचून कोणताही हिशेब सोळा आणे खरा म्हणतां येणार नाहीं.