मॅटप्लॉटलिब : सूत्रे सोपवण्याचा एक इतिहास

एनसीईआरटीच्या बारावीच्या ‘इन्फॉर्मेटिक्स प्रॅक्टिसेस’ या पाठ्यपुस्तकात आलेख काढण्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. ते उभे आहे ‘मॅटप्लॉटलिब’ या पायथन भाषेतील मुक्तस्रोत लायब्ररीवर. लायब्ररी म्हणजे वारंवार लागणाऱ्या आज्ञावल्यांचा तयार संच. तो मुक्तस्रोत असला की कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा. ही लायब्ररी घडवणारे जॉन हंटर २०१२ मध्येच निवर्तले. त्यानंतरही ती वाढत राहिली, यामागे सूत्रे सोपवण्याचा एक बोधप्रद इतिहास आहे.

हंटर हे मज्जासंस्थेचे अभ्यासक. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युतसंकेत तपासण्यासाठी त्यांच्या गटाकडे एक विकत घेतलेली संगणकप्रणाली होती. पण तिचा परवाना एकच. संगणकाला जोडायची ती छोटी चावी सर्वांनी आळीपाळीने वापरायची. या अडचणीतून हंटर यांनी स्वतःचे साधन लिहायला घेतले आणि २००३ मध्ये मॅटप्लॉटलिब सर्वांसाठी खुले झाले. हबल दुर्बिणीचे विज्ञानकार्य पाहणाऱ्या बाल्टिमोर येथील स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटने ते स्वीकारले, इतकेच नव्हे तर आपल्या अभियंत्यांचा वेळही त्याच्या विकासासाठी दिला.

जुलै २०१२ मध्ये ऑस्टिन येथील सायपाय परिषदेत हंटर यांनी बीजभाषण केले. तेथून परतल्यावर त्यांना आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले आणि २८ ऑगस्ट रोजी, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मधला अवधी काही आठवड्यांचाच होता. तरीही प्रकल्प पोरका झाला नाही, कारण तीन गोष्टी आधीच जागेवर होत्या.

पहिली, उत्तराधिकारी. मृत्यूपूर्वी काही काळच मायकेल ड्रॉटबूम यांच्याकडे प्रकल्पाचे नेतृत्व देण्यात आले. ते ऐनवेळी शोधलेले नव्हते. याच प्रकल्पावर अनेक वर्षे काम करून ते तयार झाले होते. दुसरी गोष्ट, लिखित ज्ञान. लायब्ररीची रचना अशीच का केली, हे हंटर आणि ड्रॉटबूम यांनी मिळून एका ग्रंथाच्या प्रकरणात मांडून ठेवले होते. तिसरी, संस्था. वैज्ञानिक मुक्तस्रोत प्रकल्पांना आर्थिक व कायदेशीर आधार देणारी ‘नमफोकस’ त्याच वर्षी स्थापन झाली आणि तिच्या संस्थापकांत स्वतः हंटर होते. पुढे भौतिकशास्त्रज्ञ थॉमस कॅसवेल यांनी नेतृत्वाची धुरा उचलली.

वारसा मिळणे म्हणजे केवळ जतन करणे नव्हे. बदलाचा अधिकारही मिळणे. २०१७ मधील २.० आवृत्तीत याची परीक्षा झाली. मूळ रंगपट्टी ‘जेट’ आकर्षक होती. परंतु तिची उजळता असमान असल्याने माहितीत नसलेल्या सीमारेषा भासत, आणि रंगांधळ्या वाचकांची अडचण होई. नव्या मंडळींनी तिच्या जागी ‘व्हिरिडिस’ आणली. त्याच वेळी ‘क्लासिक’ शैली ठेवली, जेणेकरून जुन्या शोधनिबंधांतील आलेख पूर्वीसारखेच काढता यावेत. पूर्वसुरींचा निर्णय बदलायचा, पण त्यावर विसंबलेल्यांना उघड्यावर टाकायचे नाही, हे विश्वस्तपणाचे मर्म आहे.

याच्या उलट उदाहरण ‘एक्सझेड युटिल्स’चे. माहितीचे आकारमान कमी करणारा हा संच असंख्य लिनक्स प्रणालींत आहे, पण त्याचा भार वर्षानुवर्षे मुख्यतः एकाच स्वयंसेवकावर होता. काम दुसऱ्याकडे द्या, असा तगादा अनोळखी खात्यांवरून सुरू झाला. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने हळूहळू विश्वास संपादून अधिकार मिळवले आणि संचात चोरवाट पेरली. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा जादा विलंब जाणवला, म्हणूनच ती उघडकीस आली. सूत्रे दोन्हीकडे सोपवली गेली. एकीकडे जाणत्या सहकाऱ्याकडे, दुसरीकडे थकलेल्या हातांतून अनोळखी हातांत.

भारताला हा विषय परका नाही. त्रिमितीय वैज्ञानिक चित्रणाची ‘मायावी’ ही लायब्ररी प्रभू रामचंद्रन यांनी आयआयटी मद्रासमध्ये संशोधन करत असताना सुरू केली. २०११ मध्ये तिच्यावरील शोधनिबंध त्यांनी फ्रेंच संशोधक गाएल व्हारोको यांच्यासह लिहिला. एकाचे काम तोवर अनेकांचे झाले होते.

आपल्या प्रयोगशाळांत मात्र आज्ञावली अनेकदा एखाद्या पीएच.डी. विद्यार्थ्याबरोबर जन्मते आणि तो गेला की थांबते. प्रकल्पाच्या प्रस्तावात यंत्राच्या देखभालीसाठी रक्कम मागितली जाते, तशीच ती आज्ञावलीच्या देखभालीसाठी का मागू नये? आणि विद्यार्थ्यांसाठी वाट त्याहून सोपी आहे. दस्तऐवजातील एखादे संदिग्ध वाक्य सुस्पष्ट करा, एखादा नोंदवलेला दोष स्वतःच्या संगणकावर पडताळून पाहा. उद्याचे विश्वस्त अशाच छोट्या कामांतून घडतात.