नील बालके आणि त्यांचे उपकारकर्ते

खेळता खेळता एखादे मूल एकाएकी थांबते, धापा टाकीत जमिनीवर उकिडवे बसते. ओठ आणि नखे जांभळी पडलेली असतात. मिनिट-दोन मिनिटांनी ते उठते आणि काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा चालू लागते. जुन्या पिढीतील आयाबायांनी अशा मुलाची दृष्ट काढली, दंडाला काळा दोरा बांधला, आणि 'याला रडू देऊ नका हो, निळे पडते' असे शेजारणीला बजावून ठेवले. दोष दृष्टीचा नव्हता, हृदयाच्या घडणीचा होता. आणि उकिडवे बसणे हा त्या अजाण मुलाने स्वतःच शोधून काढलेला उपचार होता. गुडघे पोटाशी घेतले की पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दबतात आणि थोडे अधिक रक्त फुप्फुसांकडे वळते. वैद्यकाला याहून अधिक काही देता येईपर्यंत विसाव्या शतकाची जवळजवळ चाळीस वर्षे उलटावी लागली.

जिवंत जन्मणाऱ्या दर हजार बालकांमागे सुमारे आठ ते नऊ बालके हृदयाचा काही ना काही दोष घेऊन येतात. वर सांगितलेल्या प्रकारात चार दोष एकत्र असतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला भोक असते, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते, महारोहिणी त्या भोकावरच स्वार झालेली असते, आणि उजव्या कप्प्याची भिंत श्रमाने जाड झालेली असते. १८८८ साली मार्सेयचे वैद्य फालो यांनी या चौकडीचे वर्णन केले. पुढे माँट्रियलच्या मॉड ॲबट यांनी एक हजार रुग्णांच्या दोषांचा चित्रसंग्रह १९३६ साली प्रसिद्ध केला. वर्णन झाले, वर्गवारी झाली; पण या साऱ्या ज्ञानाचा उगम बहुतांशी शवविच्छेदनाच्या मेजावर होता. जिवंत हृदयाला हात लावावयाचा नाही, असा शल्यविशारदांचा जणू कुळाचारच होता. १८९६ साली स्टीफन पेजेट या इंग्रज शल्यविशारदाने हृदयापाशी निसर्गाने शस्त्रक्रियेला सीमा घातली आहे असे लिहून ठेवले, आणि त्याच वर्षी फ्रँकफुर्टला लुडविग रेन यांनी सुरा लागलेले एक हृदय टाके घालून वाचविले. तरीही जखम शिवणे निराळे आणि मुळातच चुकलेली घडण सुधारणे निराळे.

पहिले पाऊल बोस्टनला पडले. गर्भावस्थेत महारोहिणी आणि फुप्फुसरोहिणी यांना जोडणारी एक लहान वाहिनी असते. जन्मानंतर ती आपोआप मिटते. काही मुलांत ती उघडीच राहते. २६ ऑगस्ट १९३८ रोजी रॉबर्ट ग्रॉस या तरुण डॉक्टरांनी सात वर्षांच्या एका मुलीची ती वाहिनी बांधून टाकली. विभागप्रमुखांचा या साहसाला विरोध होता. ते रजेवर परदेशी गेल्याची संधी ग्रॉस यांनी साधली. कचेरीत उमेदवारी केलेल्या आमच्या वाचकांना ही युक्ती फारशी नवी वाटू नये.

परंतु आमच्या मते या इतिहासाचा खरा गाभा बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आहे. तेथे हेलन टॉसिग या विदुषी मुलांच्या हृदयविकाराचा विभाग सांभाळीत. तरुणपणीच त्यांना ऐकू येईनासे झाले होते. मुलाच्या छातीवर बोटे ठेवून त्या स्पर्शाने हृदयाचा आवाज जाणीत. त्यांनी एक गोष्ट हेरली. ती जोडवाहिनी उघडी आहे तोवर नील बालके तग धरतात, आणि मिटली की खालावतात. मग मिटलेल्या वाहिनीच्या जागी नवी का जोडू नये? हा प्रश्न घेऊन त्या ग्रॉस यांच्याकडे गेल्या. वाहिनी बंद करण्याबद्दल ख्याती पावलेल्या त्या गृहस्थांना नवी वाहिनी निर्माण करण्यात रस वाटला नाही. १९४१ साली आल्फ्रेड ब्लेलॉक हॉपकिन्समध्ये शल्यविभागाचे प्रमुख म्हणून आले, तेव्हा टॉसिगबाईंनी तोच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला.

ब्लेलॉक यांच्याबरोबर नॅशव्हिलहून एक कृष्णवर्णीय साहाय्यक आला होता. त्याचे नाव व्हिव्हियन थॉमस. सुतारकामात वाढलेल्या या तरुणाने वैद्यकीय शिक्षणासाठी पैसे साठविले होते. महामंदीत बँक बुडाली आणि ते स्वप्नही बुडाले. १९३० साली तो ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत लागला. तो शस्त्रक्रिया करी, मोजमापे घेई, नोंदी ठेवी. त्याचा पगार मात्र झाडूवाल्याच्या श्रेणीत मांडलेला होता. बाल्टिमोरलाही त्या काळी वर्णभेद इतका कडक होता की पांढरा डगला घालून हा मनुष्य वऱ्हांड्यातून निघाला की लोक वळून पाहात.

टॉसिगबाईंची कल्पना प्रत्यक्षात आणण्याचे काम थॉमस यांच्याकडे आले. त्यांनी संग्रहालयात जतन केलेली सदोष हृदये न्याहाळली, आणि कुत्र्यांवर सुमारे दोनशे प्रयोग केले. योगायोग असा की, हाताकडे जाणारी रोहिणी फुप्फुसरोहिणीला जोडण्याची क्रिया त्यांनी व ब्लेलॉक यांनी नॅशव्हिललाच केली होती. त्या वेळी फुप्फुसातील रक्तदाब वाढवून पाहण्याचा तो प्रयत्न साफ फसला होता. फसलेल्या प्रयोगातील तो सांधाच आता कामी आला.

२९ नोव्हेंबर १९४४. रुग्ण पंधरा महिन्यांची मुलगी. वजन जेमतेम चार किलो. शस्त्रक्रिया ब्लेलॉक करीत होते, पण ती त्यांनी स्वतः फारशी केलेली नव्हती. हात बसला होता तो थॉमस यांचा. म्हणून ब्लेलॉक यांनी त्यांना आपल्या पाठीशी एका पायरीच्या स्टुलावर उभे केले, आणि टाका कोठे व कसा घ्यावा हे विचारीत विचारीत सांधा पुरा केला. शस्त्रक्रियागृहातील श्रेष्ठकनिष्ठतेची साखळी ज्यांना ठाऊक आहे त्यांना या दृश्याचा अर्थ सांगावयास नको. ती मुलगी सुधारली. पुढे काही महिन्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर ती दगावली. परंतु तिसऱ्या रुग्णाचे, सहा वर्षांच्या एका मुलाचे, जांभळे ओठ मेजावरच गुलाबी झाले आणि मग जगभरातून आईबाप बाल्टिमोरची वाट धरू लागले.

मे १९४५ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध झाला त्यावर ब्लेलॉक व टॉसिग ही दोनच नावे होती. या शस्त्रक्रियेला पुढे कित्येक दशके त्या दोघांच्याच नावाने ओळखले गेले. थॉमस प्रयोगशाळा चालवीत राहिले, पुढे नामांकित झालेल्या शल्यविशारदांचे हात त्यांनी घडविले. १९७६ साली हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली, तीही कायद्याची! १९८५ साली ते निवर्तले. अलीकडच्या वैद्यकीय लिखाणात त्या सांध्याला तिन्ही नावे जोडण्याचा प्रघात पडू लागला आहे.

हा सांधा म्हणजे हृदयाबाहेरची डागडुजी होती. आतले भोक बुजवावयाचे तर हृदय उघडले पाहिजे, आणि तोवर शरीराला रक्त पुरवावयाचे कोणी? ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियाचे जॉन गिबन यांनी स्वतः घडविलेल्या यंत्राच्या आधाराने अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातील भोक बंद केले. पण नंतरचे रुग्ण वाचले नाहीत आणि गिबन यांनी यंत्र बाजूस ठेवले.

मिनिआपोलिसच्या वॉल्टन लिलेहाय यांना सुचलेला उपाय ऐकून आजही अंगावर काटा येतो. गर्भातले मूल आईच्या रक्तावर जगतेच ना? मग शस्त्रक्रियेपुरते ते पुन्हा तसेच जगू दे. २६ मार्च १९५४ रोजी सुमारे एक वर्षाचा मुलगा आणि त्याचा बाप शेजारशेजारच्या मेजांवर निजविले गेले. बापाच्या जांघेतील रोहिणी व नीला नळ्यांनी मुलाला जोडल्या. मध्ये दुग्धव्यवसायात वापरतात तसला एक साधा पंप. मुलाचे हृदय उघडून भोक शिवले जात असता बापाचे हृदय दोघांसाठी धडधडत होते. या दांपत्याचे एक अपत्य याच विकाराने आधीच गेले होते. एका शस्त्रक्रियेत दोन बळी जाऊ शकतील, अशी टीका तेव्हा झाली, आणि ती खोटी नव्हती. मुलगा अकराव्या दिवशी न्यूमोनियाने गेला. शवपरीक्षेत भोक पक्के बुजलेले आढळले.

तरीही पुढचे आईबाप आले. सव्वा वर्षाच्या आत पंचेचाळीस मुलांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील अठ्ठावीस घरी गेली. रक्त देणारा एकही दाता मृत्यू पावला नाही, पण एका मातेच्या मेंदूला मात्र कायमची इजा झाली. ऑगस्टअखेर फालोच्या चौकडीची पहिली संपूर्ण दुरुस्ती याच रीतीने झाली. त्या मुलाचा दुर्मिळ रक्तगट कुटुंबात कोणाशी जुळेना, तेव्हा एक सर्वस्वी परका गृहस्थ त्याच्या शेजारी निजला. १९५५ पासून बुडबुड्यांनी रक्तात प्राणवायू मिसळणारे स्वस्त यंत्र आले आणि बापाला मेजावर निजविण्याची गरज संपली. शल्यविशारदांची चरित्रे लिहिली गेली. त्या पंचेचाळीस दात्यांची आठवण मात्र तळटीपेपुरती उरली आहे. आमच्या लेखी त्यांचे धैर्य शल्यविशारदांच्या धैर्याहून तसूभरही कमी नव्हते.

आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रीव्ह बेट्स या अमेरिकन शल्यविशारदांनी छातीच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभारला, आणि तेथेच १९६२ साली डॉ. एन. गोपीनाथ यांनी हृदय उघडून केलेली शस्त्रक्रिया यशस्वी झाली. पुढे ते दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत गेले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हा पाया घातला. फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयारोपण त्यांनीच केले, जरी तो रुग्ण काही तासच जगला. सेन हे बंगाली. शिकले नागपुरात आणि कर्मभूमी मुंबई. परप्रांतात मुळे रुजविणाऱ्या आमच्या मंडळींना हे नाते निराळे समजावून सांगावयास नको.

त्या काळी परगावच्या मराठी कुटुंबाने काटपाडी स्थानकावर उतरून वेल्लोरची वाट धरली की पहिली चिंता पैशाची नसे, रक्ताची असे. यंत्र भरण्यासाठी ताज्या रक्ताच्या अनेक बाटल्या लागत आणि काका-मामा हजार मैलांवर. अशा वेळी ज्याचे आडनावही पुरते ठाऊक नाही असा मनुष्य बाही सरकवून उभा राही. आज यंत्रांना रक्त फार कमी लागते, तान्ह्या बाळांवरही आपल्या देशात अनेक ठिकाणी शस्त्रक्रिया होतात, आणि नवजात बाळाच्या पायाला लावलेल्या छोट्या प्राणवायूमापकाने काही गंभीर दोष घरी जाण्यापूर्वीच उमगतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी होते. तरी निदानाला उशीर झालेली मुले अजूनही येतात.

दुरुस्त झालेल्या मुलांचा प्रश्न निराळा आहे. ती आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. छातीवरचा व्रण फिका झाला की आपण पूर्ण बरे झालो असे त्यांना वाटते. फालोच्या चौकडीच्या दुरुस्तीनंतर फुप्फुसाकडची झडप वर्षानुवर्षे गळत राहू शकते आणि कधी ती बदलावी लागते. यास्तव तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते. जुन्या पद्धतीचा सांधा झालेल्यांच्या त्या बाजूच्या हाताची नाडी लागत नाही, रक्तदाबही तेथे नीट मोजता येत नाही. अनभिज्ञ डॉक्टर त्याने गोंधळतात. बदलीच्या सामानात भांडीकुंडी शाबूत पोहोचतात, पण पिवळी पडलेली ती दोन पाने हरवतात ज्यांवर कोणता सांधा कोठे घातला हे लिहिलेले असते. ज्यांच्या घरी ती असतील त्यांनी त्यांच्या दोन प्रती काढून एक मुलाच्या, म्हणजे आता त्या गृहस्थाच्याच, हाती द्यावी.